बहिरा, बधिर आणि कानाडोळा

'बहिरा'ची वाट सरळ आहे. संस्कृत बधिर, प्राकृत बहिर, मराठी बहिरा. दधीचे दही झाले, मधूकाचा मोह झाला, तसाच येथेही 'ध'चा 'ह'. हिंदी 'बहरा' आणि गुजराती 'बहेरो' ही सख्खी भावंडे. दूरचे भावंड मात्र थेट आयर्लंडात भेटते. आयरिश 'बोधर', अर्थ तोच.

ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात ऋताच्या हाकेने बधिर कान भेदल्याचा उल्लेख आहे. तेथे बधिर हे विशेषण कानांचे आहे, माणसाचे नव्हे. उणादिसूत्रे 'बन्ध्' धातूला 'किरच्' प्रत्यय लावून हा शब्द साधतात. रुधिर, तिमिर, रुचिर, मंदिर त्याच पंगतीतले. ही व्युत्पत्ती मागाहून बसवलेली असावी. तरी 'बांधलेला' हा अर्थ विचार करायला लावतो. कान बांधलेले, की माणूस?

नुसत्या ध्वनिसाम्याला मात्र भुलू नये. बहिरी ससाण्याचे कान तिखट असतात. तो 'बहिरी' फारसीतून आला असून मुळाशी अरबी 'बह्र', म्हणजे समुद्र, असावा. बहिरोबा हा भैरव. शिवरायांच्या हेरखात्याचे कान असलेल्या बहिर्जी नाइकांचे नावही भैरवाकडूनच आलेले दिसते. अमरकोशातला 'एड' म्हणजे बहिरा. त्याला आपल्या 'येडा'शी जोडायचा मोह होतो. पण वेळचे येळ होते तसे वेड्याचे येडा झाले, तेव्हा हे साम्य योगायोगाचेच असावे.

खरी गुंतागुंत अर्थाची आहे. आज मराठीत पाय बधिर होतो, दाढ काढण्याआधी हिरडी बधिर करतात, दुःखाने मन बधिर होते. कानाचा शब्द सर्वांगात पसरला आणि मनापर्यंत पोचला. फारसी 'गुंग' म्हणजे मुका. मराठीत त्याचीच 'गुंगी' झालेली दिसते. इंग्रजी 'डम्ब' हाही आधी मुका, मग मठ्ठ. तिन्ही ठिकाणी ऐकण्याबोलण्याचा शब्द शुद्धीकडे आणि बुद्धीकडे सरकला. त्यामागे माणसांविषयीचा ग्रह असावा: ऐकत नाही, म्हणजे समजत नाही.

हा ग्रह शब्दांपुरता राहिला नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसा नाकारलेल्यांच्या यादीत जन्मबधिर आणि मूक हे उन्मत्त व जड यांच्या शेजारी बसवले आहेत. अन्नवस्त्र द्यावे, वाटा देऊ नये. ही अपात्रता कायद्याने दूर झाली ती १९२८ साली. १८८० मध्ये मिलान येथे शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला. ठराव करणारे जवळजवळ सारे ऐकू येणारेच होते. मुलांची भाषा काढून घ्यायची आणि त्यांनाच मुके म्हणायचे, असा हा न्याय. त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त झाला २०१० मध्ये, व्हँकुव्हरला.

म्हणून 'मूकबधिर'मधला 'मूक' मला खोटा वाटतो. बहुतेकांचा कंठ शाबूत असतो, आणि हातांनी भांडणारी, चेष्टा करणारी, व्याकरण पाळणारी भाषा ज्याच्याकडे आहे तो मुका कसा? तिला 'हातवारे' म्हणणे म्हणजे मराठीला नुसता आवाज म्हणणे. 'कर्णबधिर' मात्र पटतो. ज्याला तो द्विरुक्त वाटतो त्याने ऋग्वेद आठवावा: सर्वांगात पसरलेला शब्द त्यामुळे पुन्हा कानापुरता होतो.

राहिला 'बहिरे सरकार', 'बधिर प्रशासन' हा आपला लाडका प्रयोग. बहिऱ्या माणसाला ऐकू येत नाही. सरकारला येते, ते ऐकत नाही. त्यासाठी मराठीकडे नेमके शब्द आहेत: कानाडोळा करणे, कानांत बोळे घालणे, ऐकून न ऐकल्यासारखे करणे. ही सारी ऐकू येणाऱ्यांची कृत्ये आहेत. लिहिताना तेच शब्द वापरावेत, आणि बहिऱ्यांना या शिवीतून मोकळे करावे.