विनूस्कीचीं धरणें बांधणारे शिपाई

१९२७ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील व्हर्मांट राज्यावर जो प्रलय ओढवला त्यांत ८४ माणसें दगावलीं व हजाराहून अधिक पूल वाहून गेले. खुद्द उपगव्हर्नर जॅक्सन बॅरे शहरीं पुरांत बुडाले. त्या विनूस्की नदीला आवर घालण्याचें काम पुढें ज्यांच्या वांट्यास आलें ते लोक मात्र सरकारला थोडे दिवस आधीं नकोसे झाले होते.

पहिल्या महायुद्धांत लढलेल्या शिपायांस कबूल केलेला बोनस १९४५ सालीं मिळावयाचा होता. मंदीनें बेकार झालेल्या हजारों शिपायांनीं तो तत्काळ मागितला, तेव्हां १९३२ च्या जुलैंत जनरल मॅकआर्थरच्या फौजेनें त्यांना वॉशिंग्टनबाहेर हुसकलें. त्यांच्या झोपड्या जळाल्या. पुढल्या वर्षीं रूझवेल्टनीं वनें व जमिनी राखण्यासाठीं तरुण बेकारांचें 'सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोर' काढलें आणि त्यांत २५,००० माजी शिपायांना वयाची अट न घालतां जागा दिली. बोनस नव्हे, दरमहा ३० डॉलर आणि हातीं कुदळफावडें! यांत कणव किती व राजकारण किती, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

अशा चाळिशीच्या आसपासच्या शिपायांच्या तुकड्यांनीं मुख्यतः ईस्ट बॅरे, राइट्सव्हिल व वॉटरबरी येथें मातीचीं धरणें उभारलीं. पहिलीं दोन १९३५ मध्यें पुरीं झालीं, आणि १९३६ च्या मार्चमध्यें पुन्हां पूर आला. धरणांनीं पाणी तुंबवून धरलें. राजधानी मॉन्टपेलियरवर १९२७ सारखा अनर्थ कोसळला नाहीं. हीं धरणें अद्याप उभीं आहेत. २०२३ च्या जुलैंत त्या शहराच्या बाजारपेठेंत पाणी शिरलेंच. राइट्सव्हिलचा जलाशय सांडव्याजवळ येऊन ठेपला, पण बांध टिकला.