पदवी खरी, पण कुणाच्या सांगण्यावरून?

मंडळी, सिंधुदुर्गात मोठं दुखणं आलं की आपण बांबोळी गाठतो. कुडाळहून, सावंतवाडीहून, इथून मालवणातूनही अॅम्ब्युलन्स निघते आणि राज्याची हद्द ओलांडून गोवा मेडिकल कॉलेजात पोचते. तिथल्या डॉक्टरला त्याच्या पदवीबद्दल आपण एक प्रश्नही विचारत नाही. पण ज्या संस्थेतून हे कॉलेज उभं राहिलं, तिच्या पदवीची कथा निराळी आहे. परदेशी शिकलेल्या किंवा परदेशी निघालेल्या मुलांच्या पदव्या अडतात, या आपल्या आजच्या विषयाला ती फार जवळची आहे.

१८४२ साली पोर्तुगीज सरकारने पणजीत वैद्यकीय शाळा काढली. तिचं नाव एस्कोला मेडिको-सिरुर्जिका द गोवा. पोर्तुगीज अंमल, पोर्तुगीज भाषा. आता तुम्ही म्हणाल, तिथे शिकलेला डॉक्टर लिस्बनला जाऊन दवाखाना घालू शकत असेल. तर नाही! पोर्तुगालमध्ये व्यवसाय करायचा तर तिथल्या शाळांत पुन्हा अभ्यास आणि पुन्हा परीक्षा. मात्र तीच पदवी आफ्रिकेतल्या वसाहतींसाठी पुरेशी होती. मोझांबिकला, अंगोलाला सरकारी आरोग्यसेवेत हे गोवेकर डॉक्टर गेले, आणि तेही दुय्यम दर्जाच्या श्रेणीत. राजा एक, झेंडा एक, कागद एक. पण एका बंदरात तो चालतो आणि दुसऱ्या बंदरात चालत नाही. ज्ञान काही बोटीत बसल्यावर कमी-जास्त होत नाही. मग बदललं काय? रोगी कोण आहे, ते बदललं.

काही गोवेकरांनी दुसरी वाट धरली. हडफड्याचे जुझे जेर्सन द कुन्हा मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, पुढे ब्रिटनमधून पात्रता घेऊन आले आणि मुंबईतच स्थिरावले. मुंबईचा इतिहास लिहिणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो.

पण ब्रिटिशांचा दरवाजाही काही सताड उघडा नव्हता. १८५८ च्या मेडिकल अॅक्टने तिकडे डॉक्टरांची नोंदवही सुरू केली आणि परदेशी पदवीवर तिच्यात नव्याने नाव घालण्याची वाट बंद केली. आनंदीबाई जोशी १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाहून एम.डी. झाल्या. अमेरिकेची पदवी! त्यांना नेमणूक दिली ती कोल्हापूर संस्थानाने, आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागात. दुर्दैवाने त्या रुजू होण्याआधीच गेल्या. रखमाबाईंचा मार्ग वेगळा. त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या, पण पात्रतेची परीक्षा दिली ती स्कॉटलंडमधल्या संस्थांची. मग परत येऊन सुरत आणि राजकोटला त्यांनी दीर्घकाळ काम केलं. कुठे शिकायचं हा एक निर्णय, आणि कुणाचा कागद घ्यायचा हा दुसरा. दोन्ही तेव्हाही वेगळेच होते.

पुढे भारतीय विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्या ब्रिटनमध्ये मान्य झाल्या. पण १९२० नंतर तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलने शंका काढली, की तुमच्याकडे प्रसूतिशास्त्राचं प्रशिक्षण अपुरं आहे. तपासणीवरून वाद पेटला, आणि १९३० मध्ये मान्यता काढून घेतली गेली. त्यातूनच १९३३ चा इंडियन मेडिकल कौन्सिल अॅक्ट आला. स्वातंत्र्यानंतर ब्रिटनच्या आरोग्यसेवेला माणसं हवी होती, तेव्हा भारतीय डॉक्टर हजारोंनी तिकडे गेले. १९७५ मध्ये मान्यता पुन्हा गेली आणि परीक्षा आली. आता आपलं बघा. परदेशातून एम.बी.बी.एस.च्या तोडीची पदवी घेऊन येणाऱ्या आपल्याच मुलांना २००२ पासून आपण चाळणी परीक्षा लावली आहे. तेव्हा यात एक देश दुष्ट आणि दुसरा साधा, असं काही नाही. ज्याच्या हातात नोंदवही, तो शंका घेतो.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे मला इथे आपल्याकडचा एक जुना वाद आठवतो. स्वतःप्रामाण्य आणि परतःप्रामाण्य. मीमांसक म्हणतात, ज्ञान झालं की ते खरंच धरायचं. दोष सापडला तर मात्र सोडायचं. नैयायिक म्हणतात, छे, ज्ञानाचा खरेपणा बाहेरून ठरतो. लांबून पाणी दिसलं, जवळ गेलो, प्यालो, तहान भागली, तेव्हा कळलं की ते ज्ञान खरं होतं. यावर मीमांसक विचारतो, पहिल्या ज्ञानाला दुसऱ्याचा आधार, तर दुसऱ्याला कुणाचा? तिसऱ्याचा? याला अनवस्था म्हणतात. शेवटच नाही.

आता आखातात निघालेल्या मुलाच्या घरी जा, अनवस्था डोळ्यांनी दिसेल! विद्यापीठाची सही खरी आहे, असं राज्याचं खातं सांगतं. राज्याची सही खरी आहे, असं दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय सांगतं. मंत्रालयाची सही खरी आहे, असं त्या देशाची वकिलात सांगते. आई विचारते, "डिग्री खरी आसा, मगे अडकला खंय?" प्रश्न अगदी बरोबर आहे. हेगच्या अपोस्टिल करारात भारत २००५ मध्ये आला, त्यामुळे करारातल्या बऱ्याच देशांपुरती ही साखळी आखूड झाली. पण एक लक्षात घ्या. हे सगळे शिक्के मिळून एवढंच सांगतात की कागद बनावट नाही. मुलाला काय येतं, याबद्दल ते एक अक्षर बोलत नाहीत.

म्हणून प्रश्न तीन आहेत आणि ते वेगळे ठेवायला हवेत. कागद अस्सल आहे का? शिक्षण आमच्या शिक्षणाच्या तोडीचं आहे का? आणि हा व्यवसाय इथे करायला परवानगी आहे का? व्हिसा हा याहून चौथा, आणि तो देणारं ऑफिस बहुधा वेगळंच. जर्मनीला निघालेल्या नर्सला शिक्के मिळतात, पण तोडीच्या प्रश्नावर उत्तर येतं की अमुक विषय कमी पडतात. पूरक प्रशिक्षण घ्या किंवा परीक्षा द्या. घरचे समजतात, नकार आला. तो नकार नसतो, ती उणिवांची यादी असते. पहिल्या प्रश्नाचा कागद दुसऱ्या खिडकीवर दाखवला, म्हणून किती मुलांची वर्षं फुकट गेली असतील!

तोडगा काढता येतो. त्याचं उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. आपली मुलं बोटीवर जातात. त्यांचं प्रमाणपत्र परक्या झेंड्याच्या जहाजावरही चालतं. का? १९७८ मध्ये दर्यावर्दींच्या प्रशिक्षणाचा एक आंतरराष्ट्रीय करार झाला. शिक्षण किती, समुद्रावरचा अनुभव किती, हे सगळ्यांनी मिळून ठरवलं. १९९५ मध्ये तो कडक केला आणि कोणता देश नियम पाळतो, त्याची यादी ठेवली. परक्या झेंड्याची मोहोर अजूनही लागते, पण खलाशाला पुन्हा पहिलीत बसवत नाहीत. इथे देशांनी एकमेकांच्या शाळा तपासल्या. एकट्या मुलाला दारोदार तपासत बसले नाहीत.

विद्यापीठांच्या पदव्यांसाठी असाच एक करार १९९७ मध्ये झाला, मुख्यतः युरोपातल्या देशांचा. त्याचं तत्त्व असं, की पदवी मान्य धरायची. नाकारायची असेल तर मोठा फरक आहे हे नाकारणाऱ्याने दाखवायचं. बघा, हा तर आमचा मीमांसक! आणि करार झाला कुठे? लिस्बनमध्ये. गोव्याच्या डॉक्टरांना पुन्हा परीक्षेला बसवणाऱ्या त्याच शहरात. युनेस्कोने २०१९ मध्ये हेच तत्त्व जगासाठी मांडलं आणि तो करार २०२३ मध्ये अमलात आला. मात्र व्यवसायाचा परवाना यात येत नाही, तो तिसरा प्रश्न उरतोच.

नैयायिकालाही आपण मोकळ्या हाताने पाठवायला नको. रामकृष्ण गोपाळ भांडारकर याच मालवणात १८३७ मध्ये जन्मले. १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत ते होते. १८८५ मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली, ती तिथे शिकले म्हणून नव्हे, तर त्यांचं काम वाचून. पाणी प्यालं, तहान भागली. पण मंडळी, भांडारकर होणं सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, आणि यावंच अशी अट घालणं अन्यायाचं आहे. साध्या नर्सला, वेल्डरला, इंजिनियरला आपलं काम दाखवायचं तर आधी कुणीतरी दारातून आत घ्यावं लागतं. दार बंद ठेवायचं आणि वर म्हणायचं, काम दाखव, हे कुठल्याच न्यायात बसत नाही.

तेव्हा आपल्या मुलाची पदवी अडली, तर आधी विचारा की तीनपैकी कुठला प्रश्न अडला आहे, आणि उत्तर लेखी मागा. कारण दाखवण्याची जबाबदारी नाकारणाऱ्याची आहे. पणजीच्या त्या डॉक्टरांना हे कारण कुणी दिलं नव्हतं, आणि मागायची सोयही त्यांना नव्हती. आपल्याला ती आज पुष्कळ ठिकाणी आहे, तर ती वापरायला हवी.