एक फाइल, एक आकडा

नेटवर्क कार्डावरून किती बाइट आले, किती गेले, किती पॅकेट गळाले, याची मोजदाद त्या उपकरणाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये ठेवतो. जोडणी मंदावली, तर दोष तारेत आहे की अन्यत्र, याचा पहिला पुरावा हेच आकडे देतात. अँड्रॉइडचा पायाही लिनक्स कर्नलच असल्याने भंडारा जिल्ह्यातील दिघोरीतला मोबाइल असो वा मुंबईतला लिनक्स सर्व्हर, ही मोजदाद दोहोंत असते.

पूर्वी लिनक्समधील अनेक ड्रायव्हर ही माहिती ‘प्रॉक’ या आभासी फाइल प्रणालीत आपापल्या पद्धतीने मांडत. एखादा रकाना वाढला वा सरकला, की तो तक्ता वाचणारी आज्ञावली भलताच आकडा उचलण्याचा धोका असे. डिसेंबर २००३ मधील लिनक्स २.६ बरोबर ‘सिसएफएस’ ही व्यवस्था रूढ झाली. तिचा संकेत साधा आहे : एका फाइलीत शक्यतो एकच आकडा. नेटवर्कच्या बाबतीत ड्रायव्हरने केवळ आकडे पुरवायचे. फाइली कर्नलचा सामायिक भाग मांडतो.

३२ बिटी गणक ४,२९,४९,६७,२९६ बाइट होताच पुन्हा शून्यावर येतो. सेकंदाला एक गिगाबिट वेगाने हे सुमारे ३४ सेकंदांत घडते. म्हणून २०१० मध्ये ३२ बिटी संगणकांवरही ६४ बिटी आकडे देण्याची सोय ड्रायव्हरांना मिळाली.

एकदा खुली केलेली फाइल हे एक प्रकारचे वचनच असते. तिच्यावर इतर आज्ञावल्या विसंबतात. त्यामुळे केवळ दोषशोधनासाठी लागणारा तपशील ‘डीबगएफएस’मध्ये वेगळा ठेवणे इष्ट.