वादळात छप्पर उडाले, तर विमा मिळतो का?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात असंख्य घरांची कौले-पत्रे उडवली. आपल्या वस्त्यांत वादळात आधी छप्परच जाते. म्हणून ही माहिती आम्ही देत आहोत.

गृहविमा असेल, तर भरपाई मिळते. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे. वादळ, चक्रीवादळ, पूर, वीज यांनी घराचे झालेले नुकसान तिच्यात धरले जाते आणि छप्पर हा घराचाच भाग आहे. सामानालाही इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांचे संरक्षण असते.

नुसते गंजून किंवा झिजून गळणाऱ्या छपराचे पैसे मिळत नाहीत. छप्पर पत्र्याचे, कौलाचे की ताडपत्रीचे, हे अर्जात खरेच लिहा. खोटी माहिती दावा बुडवते.

नुकसान झाल्यास लगेच फोटो काढा, कंपनीला कळवा, सर्वेक्षक येईपर्यंत तुटलेले पत्रे जपून ठेवा. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते.

विमा नसला, तरी तलाठ्याकडून पंचनामा करून घ्याच. सरकारी मदत त्यावरच ठरते. यादीत नाव आले का, हे तरुणांनी घरोघरी तपासावे.

बुद्ध जयंतीच्या तयारीला आपण विहारात जमतोच. त्याच बैठकीत, पावसाळ्याआधी, हे सर्वांना वाचून दाखवा.