फोटोतली गाडी आणि मांडीवरचं पोरगं

पाऊस लागलाय, उसात पाय घालता येत नाही, म्हणून आज एका जुन्या फोटोबद्दल लिहितो.

आमच्या आष्ट्याच्या घरात देव्हाऱ्याशेजारी तो टांगलाय. उघड्या टपाच्या मोटारीपुढं फेटा बांधलेले पणजोबा, गाडीत पणजी, तिच्या मांडीवर कुंची घातलेलं तीनेक वर्षांचं पोरगं, आणि फूटबोर्डावर दहा-बारा वर्षांचा एक मुलगा. गाडी १९१५ ची टी फोर्ड, आणि मांडीवरचं पोरगं म्हणजे आजोबांचा थोरला भाऊ, असं पणजी सांगायची. तो १९१८ च्या मानमोडीत गेला. मुंबई इलाख्यात त्या तापानं दहा लाखांवर माणसं नेली. सर्वपित्रीला आत्या या फोटोला हार घालते.

पोरानं फोटो मोबाईलवर मोठा करून दिला आणि मी गाडी बघत बसलो. ८६०३२ आणि २६५ शेजारी असले तर आपण कांडी, डोळा, पाचट सगळं बघूनच जात सांगतो. नुसत्या एका खुणेवर फसायला होतं. गाडीचं तसंच आहे.

टी मॉडेल १९०८ ते १९२७ निघालं, दीड कोटी गाड्या. १९१६ पर्यंत रेडिएटर पितळी, पुढं काळा. चाकाला लाकडी आऱ्या, आपल्या बैलगाडीसारख्या. आमच्या फोटोत आऱ्या तारेच्या. तिथंच पाल चुकचुकली. पण टीच्या शेवटच्या वर्षांत तारेची चाकंही मिळायची, म्हणून थांबलो.

मग काचेपुढं, बॉनेटच्या मागं मधोमध एक गोल झाकण दिसलं. पेट्रोलचं! टीची टाकी बहुतेक वर्षं सीटखाली होती. पंप नाही, त्यामुळं टाकीत पेट्रोल कमी असलं की चढाला इंजिनापर्यंत पोचायचं नाही, लोक रिव्हर्समध्ये चढ चढायचे. पुढच्या मॉडेल ए गाडीत फोर्डनं टाकी काचेपुढं उंचावर घेतली, की पेट्रोल पाटाच्या पाण्यागत आपोआप खाली. शिवाय आमच्या फोटोत रेडिएटरवर लंबगोल बिल्ला आणि पुढं दोन पट्ट्यांचा बंपर आहे. दोन्ही ए मॉडेलचेच. ते अमेरिकेत बाजारात आलं डिसेंबर १९२७ ला.

म्हणजे फोटो १९२८ च्या आधीचा नाही. मानमोडीत गेलेलं पोरगं त्यात असणं शक्य नाही. (गाडी आमची होती यालाही पुरावा नाही. फोटोपुरतं कुणाच्याही गाडीशेजारी उभं राहता येतं.)

आत्याला सांगावं का नको, यात आठ दिवस गेले. वय ८४, ती माहेरीच असते. शेवटी सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मग ह्यो फूटबोर्डावरचा कोन?"

हिशेब केला. आजोबांचा जन्म १९१६ चा. १९२८ ला बारा वर्षांचे. पुढं आलेले कान, माझ्या वडिलांचे होते तसे, माझ्या पोराचेही तसेच. आजोबा गेले तेव्हा आत्या सहा वर्षांची होती. त्यांचा एकही फोटो घरात नाही, असंच आम्ही आजवर समजत होतो.

पणजीला खरं माहीत असणारच. गेलेल्या लेकराचा फोटो नव्हता, म्हणून तिनं मांडीवरच्यालाच तो मानला असावा, असं मला वाटतं. मांडीवरचं पोरगं कोण, ते कुणालाच सांगता येत नाही.

आत्यानं चष्मा पुसला, फोटो हातात घेतला आणि त्या पोराच्या तोंडावरनं बोट फिरवलं. "हार हाय तिथंच असू दे," म्हणाली. "पर ह्यो फोटो जरा खाली टांग. मला दिसंल असा."