तालमीतील आवाज

गायक-वादक तालमीला बसतात तेव्हा ते श्रोत्यांसाठी गात नसतात. तेथे चुकण्याची मुभा असते. ध्वनिमुद्रण यंत्रासमोर ही मुभा कितपत टिकते? बीटल्स या इंग्रज वाद्यवृंदाच्या इतिहासातील एक प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

२ जानेवारी १९६९ रोजी लंडनच्या ट्विकनहॅम चित्रपट स्टुडिओत या चौघांच्या तालमींना प्रारंभ झाला. दिग्दर्शक मायकेल लिंडसे-हॉग त्यांचे चित्रीकरण करीत होते. आवाज टिपण्यासाठी नाग्रा बनावटीची यंत्रे होती. त्यांच्या फितीवर ध्वनीला मार्ग मात्र एकच! गळा, गिटार, ड्रम, कुजबुज सारे त्यात एकजीव होई. एकाचा आवाज वाढवावा तर सर्वांचाच वाढे. खासगी बोलायचे असले की वादक गिटारच्या तारा छेडीत राहत. तो नादाचा पडदाच होता. १० जानेवारीला जॉर्ज हॅरिसन तालीम सोडून निघून गेले. १३ तारखेला उपाहारगृहात जॉन लेनन व पॉल मॅकार्टनी त्याविषयी बोलले, तेव्हा कुंडीत दडवलेल्या मायक्रोफोनने तेही टिपले.

पुढे हॅरिसन परतले आणि तालमी सॅव्हिल रो येथील तळघरात हलल्या. तेथे आठ मार्गांचे यंत्र आले. त्यावर मुद्रित झालेल्या ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’ या गीतावर फिल स्पेक्टर यांनी १९७० साली वाद्यमेळ व समूहस्वर चढवले. मॅकार्टनींना ते रुचले नाही. संस्कार करताना गळा झाकलाही जातो, तो असा.

२०२१ साली पीटर जॅक्सन यांच्या ‘गेट बॅक’ या माहितीपटासाठी नेमके उलटे घडले. गिटारचा नाद कोणता आणि मनुष्याचा आवाज कोणता, हे संगणकाला शिकवून एकमार्गी फितीतून गळे वेगळे काढण्यात आले. पडदा सरला आणि दडवलेले बोल स्पष्ट झाले.

लाभ मोठा झाला. या तालमी म्हणजे केवळ भांडणे, हा रूढ समज सैल झाला. त्यांतील हास्यविनोदही जगाने ऐकला. परंतु लेनन १९८० साली आणि हॅरिसन २००१ साली निवर्तले होते. त्यांची संमती कोण विचारणार? इतिहासाला सत्य हवे असते, हे खरे. पण ज्याने तारा छेडून आपले बोलणे झाकले, त्याचे ते झाकणे हेही त्या सत्याचाच एक भाग होते, याचे भान ऐकणाऱ्याने ठेवावे.