लादी क्वालींचे घडे

रमजानात इफ्तारीला आमच्या घरी फ्रिजचं पाणी कुणी घेत नाही, माठातलंच लागतं. कमी आचेवर भाजलेल्या मातीतून पाणी पाझरतं, बाहेर सुकतं आणि आतलं गार होतं. नायजेरियाच्या लादी क्वाली यांची गोष्ट वाचताना मी या पाझरण्यापाशीच अडतो.

साधारण 1925 मध्ये क्वाली गावात, ग्वारी समाजात त्या जन्मल्या. हौसा भाषेत रविवारी जन्मलेल्या मुलीचं नाव लादी. मुळात आपल्या ओळखीचा अरबी ‘अहद’च तो. तिथे घडे बायका घडवत, तेही चाकाशिवाय. मातीच्या वळ्या एकावर एक चढवायच्या आणि फिरायचं ते स्वतःच, घड्याभोवती. अंगावर सरडे, विंचू, मासे कोरायचे आणि उघड्या जाळात भाजायचं.

अबुजाचे अमीर सुलेमान बराऊ यांच्या वाड्यात लादींचे घडे होते. (ते अबुजा म्हणजे आजचं सुलेजा, नाव नव्या राजधानीने नेलं.) 1950 मध्ये इंग्रज कुंभार मायकेल कार्ड्यू यांनी ते तिथे पाहिले. वसाहती सरकारसाठी त्यांनी अबुजात प्रशिक्षण केंद्र काढलं. शिकणारे सगळे पुरुष. 1954 मध्ये लादी आल्या, त्या पहिल्या स्त्री. वळ्या त्यांच्याच, सरडे-विंचूही त्यांचेच. पण आता घड्यावर काचेसारखी झिलई चढली आणि भट्टीची आच बाराशे अंशांच्या वर गेली. घडा दगडासारखा टणक झाला. पाणी पाझरेना, म्हणून गारही होईना.

लंडनमध्ये प्रदर्शनं भरली. 1962 मध्ये ब्रिटनचा एमबीई किताब, 1977 मध्ये अहमदू बेलो विद्यापीठाची मानद डॉक्टरेट. आज वीस नायराच्या नोटेमागे त्या घडा घडवताना दिसतात.

कार्ड्यूंनी त्यांना ‘शोधलं’ असं सर्रास लिहितात. मला तो शब्द खटकतो. अमीरांना ते घडे आधीच ठाऊक होते, गावाला तर होतेच. मात्र जगात नाव झालं ते घड्याने पाणी गार करणं सोडल्यावर, हेही नाकारता येत नाही. क्वालीत पाण्याचेच घडे करत राहिलेल्या बायकांची नावं कुणी लिहून ठेवली?

केनियात जन्मलेल्या, बालपणाची काही वर्षं दिल्लीत काढलेल्या मॅग्डालीन ओडुंडो 1974-75 मध्ये याच केंद्रात शिकल्या. त्यांची भांडी आज संग्रहालयांत काचेआड असतात. त्याही चाक वापरत नाहीत. आणि झिलईही लावत नाहीत; माती घोटून घोटूनच चकाकी आणतात.